कप कोणी विसळावेत?
दोन जपानी कादंबऱ्या आणि नोकरदार स्त्री

कचेरीतील बैठक संपते. पाहुणे निघून जातात, अधिकारी आपापल्या जागेकडे वळतात आणि उष्टे कप मेजावर तसेच राहतात. ते उचलण्याची आज्ञा कोणी कोणाला देत नाही. तशी गरजच नसते. त्या विभागात एकच स्त्री आहे, आणि कप तिनेच उचलायचे हे सर्वांनी कोणताही ठराव न करता मान्य केलेले आहे. एके दिवशी मात्र ती कपांना हात लावीत नाही. आपल्याला दिवस गेले आहेत, कॉफीच्या वासाने मळमळते, असे ती सांगून टाकते. वास्तविक तिला दिवस गेलेले नाहीत. एमी यागी या जपानी लेखिकेच्या कादंबरीची सुरुवात या एका असत्य वाक्यापासून होते, आणि पुढील सारे पुस्तक त्या वाक्याच्या आधारावर उभे राहते.

ही कादंबरी २०२० साली जपानीत प्रसिद्ध झाली. दाझाई ओसामु यांच्या नावाने नवोदितांना दिला जाणारा पुरस्कार तिला त्याच वर्षी मिळाला. डेव्हिड बॉइड आणि लूसी नॉर्थ यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद 'डायरी ऑफ अ व्हॉइड' या नावाने २०२२ साली आला. आम्ही ती या अनुवादातून वाचली. तिच्या जोडीला सायाका मुराता यांची 'कन्व्हीनियन्स स्टोअर वुमन' ही कादंबरीही आम्ही येथे विचारात घेणार आहोत. २०१६ साली अकुतागावा पुरस्कार मिळविणारी ही कादंबरी गिनी टॅप्ली ताकेमोरी यांच्या अनुवादातून २०१८ साली इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचली. जपानमधील नोकरदार स्त्रीविषयी अहवाल आणि आकडे विपुल आहेत. परंतु ते आकडे असे का आहेत, हे या दोन लहान पुस्तकांइतके स्पष्टपणे सांगणारे लेखन आमच्या पाहण्यात क्वचितच आले आहे.

यागींची नायिका शिबाता चौतीस वर्षांची, अविवाहित आणि एकटी राहणारी आहे. पहिल्या नोकरीत लैंगिक छळ वाट्याला आला म्हणून तिने ती सोडली आणि पुठ्ठ्याच्या नळ्या तयार करणाऱ्या एका कंपनीत ती रुजू झाली. कापड, कागद, फिल्म ज्यावर गुंडाळतात त्या या नळ्या. कादंबरीच्या मूळ जपानी नावातच ही नळी आहे. 'कूशिन तेच्यो' म्हणजे पोकळ गाभ्याची वही. जपानमध्ये गर्भवती स्त्रीला नगरपालिकेकडून माता-बालक आरोग्याची एक पुस्तिका मिळते. १९४८ सालापासून चालत आलेल्या त्या पुस्तिकेलाही 'तेच्यो' असेच म्हणतात. भोवती सारे काही गुंडाळलेले आणि आत मात्र पोकळी, अशी ती नळी. आणि आत मूल नसताना लिहिली जाणारी ही मातृत्वाची वही. एवढा अर्थ लेखिकेने दोन शब्दांत साठविला आहे. इंग्रजी नावात पोकळी आली, परंतु ती नळी आणि ती पुस्तिका दोन्ही हरवली.

असत्य बोलल्यानंतर शिबाताच्या पदरी काय पडते, हे पाहण्यासारखे आहे. तिला बढती मिळत नाही की पगारवाढ मिळत नाही. तिला मिळते ती संध्याकाळ. ती वेळेवर घरी जाऊ लागते, दिवसाउजेडी बाजारात ताजी भाजी निवडते, स्वतःसाठी स्वयंपाक करते, गर्भवतींच्या व्यायामवर्गाला जाते. सहकारी अचानक अदबीने वागू लागतात. शेजारच्या टेबलावरील हिगाशिनाकानो नावाचा गृहस्थ तर तिच्या प्रकृतीची इतकी विचारपूस करतो की त्या आस्थेचाच तिला संकोच वाटावा. प्रकरणांना आठवड्यांचे क्रमांक आहेत. आठवडे पुढे सरकतात, पोटाशी बांधलेल्या कापडाची जाडी वाढते, आणि हळूहळू खरे कोणते व भासमान कोणते ही सीमारेषा नायिकेसाठी, आणि वाचकासाठीही, पुसट होत जाते.

बहुतेक परीक्षकांनी या कादंबरीला गमतीदार उपहासकथा म्हटले आहे. ती गमतीदार आहे यात शंका नाही. परंतु आमच्या मते तिचा गाभा हास्यात नाही. तो एका कठोर निरीक्षणात आहे. या कचेरीतील पुरुष दुष्ट नाहीत. सहकारी गर्भवती आहे असे कळताच ते क्षणात तिचे ओझे हलके करतात. म्हणजे ओझे हलके करणे अशक्य कधीच नव्हते. शिबाता एक माणूस म्हणून, बरोबरीची कर्मचारी म्हणून जे मागू शकत नव्हती, ते होणारी माता म्हणून तिला न मागता मिळाले. तेव्हा या कचेरीने आदर दिला तो स्त्रीला नव्हे. तिच्या पोटी असल्याचे मानलेल्या मुलाला. 'मी दमले आहे' हे सत्य वाक्य जेथे पुरेसे ठरत नाही, तेथे 'मला दिवस गेले आहेत' हे असत्य वाक्य लागते. सगळी कादंबरी या एका वाक्यात आली आहे, असे आम्हांस वाटते.

या कपांनाही इतिहास आहे. महायुद्धोत्तर जपानच्या भरभराटीच्या काळात कचेऱ्यांत दाखल झालेल्या तरुणींना 'कचेरीचे फूल' म्हणत. फायली लावणे, छायाप्रती काढणे आणि चहा देणे ही त्यांची कामे. चहा देण्याच्या या कामाला 'ओचाकुमि' असे स्वतंत्र नावच आहे. १९६३ साली एका स्त्रियांच्या साप्ताहिकाने 'ऑफिस लेडी' हा शब्द रूढ केला, आणि त्याची दोन आद्याक्षरे आजही जपानी भाषेत टिकून आहेत. लग्न ठरले की फुलाने गळून पडावे अशी अपेक्षा असे. त्याला 'कोतोबुकी ताइशा', म्हणजे मंगल निवृत्ती, असे गोड नाव होते. सुमितोमो सिमेंट कंपनीने विवाहाबरोबर नोकरी सोडण्याची अटच घातली होती. १९६६ साली टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने ती रद्दबातल ठरविली. निस्सान मोटार कंपनी स्त्रियांना पुरुषांहून पाच वर्षे आधी निवृत्त करीत असे. ते अवैध ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला १९८१ साल उजाडले. एकेका स्त्रीने एकेका कंपनीशी न्यायालयात झुंजून मिळविलेली ही भूमी आहे, हे विसरता कामा नये.

पुढे १९८५ साली नोकरीतील समान संधीचा कायदा संमत झाला आणि एप्रिल १९८६ पासून तो अमलात आला. परंतु भरती आणि बढती यांबाबत त्याने मालकांना केवळ 'प्रयत्न करावा' एवढेच सांगितले होते. त्याचे मनाईत रूपांतर व्हायला १९९७ ची दुरुस्ती आणि १९९९ हे अंमलबजावणीचे वर्ष उगवावे लागले. मधल्या काळात मोठ्या कंपन्यांनी एक नामी युक्ती काढली. कर्मचाऱ्यांचे दोन मार्ग आखले गेले : 'सोगोशोकु', म्हणजे बढती, बदली आणि अधिकार यांचा मार्ग, आणि 'इप्पानशोकु', म्हणजे साहाय्यकाचा मार्ग. कागदावर दोन्ही दारे सर्वांना खुली. प्रत्यक्षात मात्र पहिल्या मार्गाने पुरुष गेले आणि दुसऱ्याने स्त्रिया. एप्रिल १९८६ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. निवृत्तिवेतनाची जी नवी व्यवस्था त्या महिन्यात सुरू झाली, तिने नोकरदाराच्या अवलंबित पत्नीला, तिची स्वतःची कमाई ठरावीक मर्यादेत असल्यास, वर्गणी न भरता निवृत्तिवेतनाचा हक्क दिला. घरी राबणाऱ्या स्त्रीला म्हातारपणी आधार हवा, हा त्यातील चांगला हेतू आम्ही नाकारीत नाही. परंतु एकाच महिन्यात शासनाने एका हाताने कचेरीचे दार उघडले आणि दुसऱ्या हाताने, फार कमावू नका, असा इशारा दिला, हेही खरेच.

या सर्वांमागील यंत्रणा समजून घेतली पाहिजे. जपानी कंपनीत पक्का नोकर विशिष्ट कामासाठी नेमला जात नाही. तो कंपनीचा सभासद म्हणून घेतला जातो. काम कोणतेही असो, गाव कोणतेही असो, तास कितीही असोत, तो तयार असला पाहिजे. बदल्यात त्याला दीर्घकाळची सुरक्षितता आणि ज्येष्ठतेनुसार वाढ मिळते. असा नोकर घडतो तो त्याच्या पाठीशी अहोरात्र घर सांभाळणारे कोणीतरी असते म्हणूनच. २०२१ च्या शासकीय पाहणीत, सहा वर्षांखालील मूल असलेल्या जोडप्यांमध्ये घरकाम व संगोपन यांवर पत्नी दिवसाला ७ तास २८ मिनिटे आणि पती १ तास ५४ मिनिटे खर्च करीत असल्याचे आढळले. ज्याला साडेसात तास घरी द्यायचे आहेत, तो कंपनीला सारे तास देऊ शकत नाही. आणि जो सारे तास देत नाही, त्याला वर नेले जात नाही. यात कोणी स्त्रियांचा द्वेष करण्याची आवश्यकताही उरत नाही. यागींच्या पुठ्ठ्याच्या कंपनीतील सौम्य, सभ्य पुरुष म्हणूनच इतके खरे वाटतात.

मुरातांची केइको फुरुकुरा या व्यवस्थेच्या आणखी खालच्या पायरीवर आहे. ती छत्तीस वर्षांची असून गेली अठरा वर्षे एकाच चोवीस तासांच्या दुकानात तात्पुरती नोकर म्हणून काम करीत आहे. मालाची मांडणी, हवामानानुसार बदलणारी विक्री, ग्राहकाला करावयाचे अभिवादन, या सर्वांत ती निष्णात आहे. कितीतरी व्यवस्थापक आले आणि गेले, ती मात्र तेथेच आहे. कोणत्याही न्याय्य व्यवस्थेत अशी स्त्री त्या दुकानाची प्रमुख असती. परंतु तिच्या कौशल्याची कोणालाच दखल नाही. सर्वांना एकच प्रश्न पडलेला : हिचे लग्न का होत नाही, आणि हिला धड नोकरी का मिळत नाही? मग केइको शिराहा नावाच्या एका आळशी, उपटसुंभ माणसाला आपल्या खोलीत आसरा देते. त्यांच्यात प्रेम नाही, संसार नाही. परंतु 'घरी एक पुरुष आहे' एवढी वार्ता पसरताच बहीण आनंदते आणि दुकानातील सहकाऱ्यांना उत्साहाचे भरते येते. अठरा वर्षांच्या प्रामाणिक श्रमांनी जे मिळाले नाही, ते एका निरुपयोगी पुरुषाच्या नुसत्या अस्तित्वाने मिळाले. जपानमधील नोकरदार स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक केइकोसारख्याच अनियमित नोकरीत आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे ही एका विक्षिप्त मुलीची कथा राहत नाही.

दोन्ही कादंबऱ्यांतील साम्य लक्षणीय आहे. एकीने गर्भाचे सोंग केले, दुसरीने संसाराचे. दोघींनाही जगाने लगेच स्वीकारले. दोघींचेही काम मात्र सोंगापूर्वी होते तसेच चोख होते.

येथून आपण नेतृत्वाच्या प्रश्नाकडे येतो. २०२० पर्यंत नेतृत्वाच्या जागांपैकी ३० टक्के स्त्रियांकडे असाव्यात, असे उद्दिष्ट जपान सरकारने २००३ साली ठरविले होते. २०२० उजाडले तेव्हा व्यवस्थापकीय पदांवरील स्त्रियांचे प्रमाण शंभरात तेराच्या आसपासच होते, आणि उद्दिष्ट 'या दशकात शक्य तितक्या लवकर' असे पुढे ढकलण्यात आले. २०१५ साली स्त्रियांच्या सहभागाला चालना देणारा नवा कायदा झाला. जुलै २०२२ पासून तीनशेहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावत जाहीर करावी लागते. हे उपाय योग्य आहेत. तफावत झाकलेली असेपर्यंत ती नाहीच असे म्हणणे सोपे असते. परंतु दारापाशीच अडवणूक असेल तर आत मोजायला स्त्रिया येणार कोठून? टोकियो वैद्यकीय विद्यापीठ प्रवेश परीक्षेत मुलींचे गुण वर्षानुवर्षे कमी करीत असल्याचे २०१८ साली उघडकीस आले. स्त्री डॉक्टर बाळंतपणानंतर काम सोडतात, ही त्यामागची सबब होती. स्त्रिया असल्या की बैठका लांबतात, असे उद्गार टोकियो ऑलिम्पिकच्या आयोजन समितीचे अध्यक्ष योशिरो मोरी यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये काढले. त्यांना पद सोडावे लागले आणि त्यांच्या जागी सेइको हाशिमोतो आल्या. तीच गोष्ट वीस वर्षांपूर्वी कदाचित हशावारी गेली असती.

शिखरावरील चित्रही बदलत आहे. १९८५ साली विमानात हवाई सेविका म्हणून नोकरीला लागलेल्या मित्सुको तोत्तोरी एप्रिल २०२४ मध्ये जपान एअरलाइन्सच्या अध्यक्षा झाल्या. प्रवाशांना पेय देणारा हात कंपनीचे सुकाणू धरू शकतो, हे त्यांच्या रूपाने सिद्ध झाले. २१ ऑक्टोबर २०२५ रोजी सानाए ताकाइची जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. या घटना लहान नाहीत. तथापि त्यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात त्यांच्याखेरीज दोनच स्त्रिया होत्या, आणि विवाहानंतर पती-पत्नींना वेगळी आडनावे ठेवू द्यावीत या मागणीला त्यांचा स्वतःचा विरोध राहिलेला आहे. जपानी कायद्यानुसार जोडप्याचे आडनाव एकच असावे लागते, आणि शंभरातील सुमारे पंचाण्णव जोडप्यांत ते बदलते पत्नीच. एका स्त्रीने शिखर गाठले म्हणून पायथ्याची वाट रुंद होतेच असे नाही. शिबाताच्या कचेरीतील कपांचा प्रश्न पंतप्रधानांच्या निवासस्थानी सुटणार नाही.

दोन आक्षेप वाचकांच्या मनात येतील. पहिला असा : कप विसळण्यात कमीपणा तो कोणता? सेवा ही श्रेष्ठच नव्हे काय? सेवा श्रेष्ठ आहे, हे आम्हांस शंभर टक्के मान्य आहे. परंतु आपण होऊन केली तर ती सेवा; जन्मावरून वाटून दिली तर ती वेठ. सेवा खरोखरच श्रेष्ठ असेल, तर त्या श्रेष्ठतेचा लाभ विभागप्रमुखांनीही कधीमधी घ्यावा. ज्या कामाची सर्व जण स्तुती करतात आणि जे कोणीच आपणहून करीत नाही, त्या कामाच्या स्तुतीविषयी साशंक असलेले बरे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नायिका नऊ महिने असत्य बोलते. तिचे समर्थन करावयाचे काय? सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलेल्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही. असत्य ते असत्यच. कारण समजले म्हणून त्याचे सत्य होत नाही. आणि यागींनीही त्याची किंमत लपविलेली नाही. शिबाताला संध्याकाळ मिळते, परंतु ती कोणाशीही मोकळेपणाने बोलू शकत नाही. व्यायामवर्गातील खऱ्या गर्भवतींमध्ये बसूनही ती एकटीच असते. असत्याने तिला स्वतःची एक जागा दिली, परंतु त्या जागेत दुसऱ्या कोणाला प्रवेश नाही. तरीही दोष देताना तो एकाच पारड्यात टाकणे न्यायाचे नव्हे. सत्य बोलणाऱ्याला जी व्यवस्था ऐकत नाही, ती असत्याला आमंत्रण देत असते. साक्ष खोटी देणारा दोषी. परंतु खरी साक्ष ऐकून न घेणारा न्यायाधीश निर्दोष कसा?

वाङ्मयीन दृष्ट्या कादंबरीत उणिवा आहेत. नायिकेचा निषेध अखेरपर्यंत खाजगी राहतो. कचेरीची रीत बदलावी असे तिला वाटत नाही, केवळ आपण तिच्यातून सुटावे असे वाटते. उत्तरार्धात भास आणि वास्तव यांचा खेळ वाढत जातो, तशी पूर्वार्धातील कचेरी धूसर होत जाते. कपांचे पुढे काय झाले, ती रीत मोडली की नुसती एका हातातून दुसऱ्या हातात गेली, याचा शोध लेखिकेने अधिक घ्यावयास हवा होता. त्या तुलनेत मुराताची रचना बांधेसूद आहे. शेवटी केइको नोकरीच्या मुलाखतीला जाताना वाटेतील एका दुकानात शिरते आणि आपली जागा हीच असे ठरविते. तो शेवट पुस्तकाच्या पहिल्या पानापासून अटळ वाटतो. परंतु मुरातांची नायिका जगाहून निराळी आहे. यागींची नायिका तुमच्या-आमच्या घरातील कोणतीही मुलगी असू शकते. म्हणून बोचते ती अधिक यागींचीच कथा.

आशेची जागा कोठे आहे? आमच्या मते ती एका साध्या आकड्यात आहे. संगोपनासाठी रजा घेणाऱ्या जपानी पित्यांचे प्रमाण २०१९-२० साली शंभरात साडेसातच्या आसपास होते. २०२३-२४ मध्ये ते तीसवर गेले. रजेचा हक्क कायद्याने त्यांना पूर्वीपासून होता. ती मागण्याचे धैर्य नव्हते. ज्या दिवशी विभागप्रमुखच मुलाला आणायला पाच वाजता उठून जाईल, त्या दिवशी लवकर निघणाऱ्या स्त्रीला कारण सांगावे लागणार नाही, आणि तिच्या बढतीच्या वेळी कोणी घड्याळ पुढे करणार नाही. स्त्रीच्या नेतृत्वाचा मार्ग पुरुषाच्या स्वयंपाकघरातून जातो, असे म्हटले तर ते थट्टेने घेऊ नये.

ज्यांच्या लेकीसुना नोकरीसाठी सकाळची गाडी पकडतात, त्यांनी या दोन्ही कादंबऱ्या अवश्य वाचाव्यात. आणि ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात, त्यांनी तर त्याहून अगत्याने. दोन्ही लहान आहेत, भाषा साधी आहे, आणि हसू येते. हसून झाल्यावर एक प्रश्न मात्र उरतो, आणि तो केवळ जपानचा नाही : आपल्यापाशी येऊन कोणी खरेच 'मी दमले आहे' असे म्हटले, तर ते ऐकून घेण्याची आपली तयारी आहे काय?